ब्रेक मऊ लागतोय? ऑइल भरण्याआधी पेडल काय सांगतंय ते बघा

"ब्रेकला काही नाही, फक्त दोन पंप मारावे लागतात."

जुनी गाडी दुसऱ्याच्या हातात देताना हे वाक्य अगदी सहज सांगितलं जातं. खिडकीची काच वर करताना जरा हाताने आधार द्यावा लागतो, तसंच काहीसं! पण काच अडकली तर फार तर पावसात भिजाल. ब्रेकला दोन पंप लागतात याचा सरळ अर्थ असा, की पहिला पंप वाया जातोय. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकते. पाय उचलून दुसऱ्यांदा दाबेपर्यंतचा तो एक क्षण समोर अचानक थांबलेल्या रिक्षाच्या बाबतीत फार मोठा असतो.

अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात. टाकीत ब्रेक ऑइल भरलं जातं आणि चाकांची एअर काढली जाते. ब्रेक छान लागायला लागतो, आपण पैसे देऊन घरी येतो आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

असं का होतं? कारण मऊ पेडल हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप जसा सर्दीनेही येतो आणि मलेरियानेही येतो, तसं पेडल मऊ पडण्यामागे किमान सहा-सात वेगवेगळी कारणं असू शकतात. त्यांपैकी बरीचशी उभ्या गाडीत, पंधरा मिनिटांत, फक्त पायाने ओळखता येतात. दुरुस्ती मेकॅनिकच करेल, पण नेमकं काय बिघडलंय याचा अंदाज तुमच्याकडे असेल, तर नको ते पार्ट बदलले जाणार नाहीत आणि खरा दोष तसाच राहून जाणार नाही.

सगळ्यात आधी: ही गाडी रस्त्यावर न्यायची का?

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

- पेडल दाबल्यावर थेट तळाला टेकतं.
- पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली सरकत जातं.
- टाकीतलं ब्रेक ऑइल अचानक कमी झालंय किंवा एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसतेय.
- हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा विझत नाही.

"जवळच तर जायचंय, हळू नेतो" हा विचार इथे चालत नाही. ब्रेक पूर्ण जायला घाटच लागतो असं नाही, सोसायटीचा उतारही पुरतो.

पेडलपासून चाकापर्यंत काय घडतं?

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या चाचण्या आपोआप कळतात.

तुम्ही पेडल दाबता, तेव्हा बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइल पाईपांतून चारही चाकांकडे ढकलतो. डिस्क ब्रेक असलेल्या चाकात हे ऑइल कॅलिपरच्या पिस्टनला ढकलतं आणि पॅड डिस्कला चिकटतात. ड्रम ब्रेक असलेल्या चाकात व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि लायनर ड्रमला आतून घासतात. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. प्रीमिअर पद्मिनीसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत चारही चाकांना ड्रमच असायचे.

ही सगळी करामत एकाच गोष्टीवर चालते, ती म्हणजे द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. बंद पाईपच्या एका टोकाला दिलेला दाब जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच.

हवा मात्र आकसते. ब्रेक जोरात दाबल्यावर पाईपमध्ये वातावरणाच्या ५० पट दाब तयार झाला, तर आतला हवेचा बुडबुडा साधारण पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो. मास्टर सिलिंडर एका दाबात मोजकंच ऑइल ढकलू शकतो. त्यातलं काही हवेचा बुडबुडा आवळण्यातच खर्च झालं, तर चाकापर्यंत पोहोचणारं कमी पडतं. पायाखाली जाणवणारा "स्पंज" म्हणजे हाच बुडबुडा.

म्हणजे पेडल खाली जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. आत काहीतरी आकसतंय (हवा किंवा वाफ), काहीतरी फुगतंय (रबरी होज), ऑइल कुठूनतरी निसटतंय (गळती) किंवा पॅड-लायनरला गरजेपेक्षा जास्त अंतर कापावं लागतंय. आपल्याला यांतलं कोणतं ते ओळखायचंय.

बॉनेट उघडा आणि टाकी बघा

मास्टर सिलिंडरच्या डोक्यावर पांढुरकी, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी असते. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पातळीच्या खुणा असतात. तीन गोष्टी बघा.

*पातळी.* पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतलं थोडं ऑइल त्यांच्यामागे जाऊन बसतं. त्यामुळे काही महिन्यांत पातळी थोडी उतरली तर ते स्वाभाविक आहे. अशा वेळी टाकी गळ्यापर्यंत भरण्याऐवजी पॅड तपासायला हवेत. पण महिन्याभरापूर्वी भरलेली टाकी पुन्हा खाली गेली असेल, तर ऑइल कुठेतरी गळतंय. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं "खाल्लं" जात नाही.

*रंग.* नवं ऑइल फिकट पिवळसर आणि स्वच्छ असतं. चहासारखं तपकिरी किंवा काळं झालं असेल तर ते खूप जुनं आहे. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नका, पाणी शोषलेलं ऑइलही दिसायला स्वच्छ असू शकतं.

*झाकणाचं रबर.* टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर सावध व्हा. आपण बोलताना "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण ते खनिज तेल नसतं. सर्वसाधारण ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारच्या रसायनांपासून बनतं. कुणी "ऑइलच तर आहे" म्हणून त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर ब्रेकमधले रबरी सील फुगतात आणि निकामी होतात. असं झालं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. पूर्ण सिस्टिम धुऊन सगळे रबरी भाग बदलावे लागतात.

झाकण उघडण्याआधी ते पुसून घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उडतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत जाणार नाही याचीही काळजी घ्या.

आता पायाने तपासूया

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. कुणालातरी मदतीला घ्या.

चाचणी १: इंजिन बंद ठेवून दाबून धरा

इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता पाय तसाच, एकसारखा जोर देऊन मिनिटभर धरून ठेवा.

पेडल जागच्या जागी राहिलं तर उत्तम. ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर दाब कुठेतरी निसटतोय. अशा वेळी चाकं, पाईप, जोड नीट बघा. बाहेर कुठेच ओल नसेल आणि तरीही पेडल बसत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेले असण्याची शक्यता सर्वात जास्त. ऑइल बाहेर न पडता सीलच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं. अशा गाडीची कितीही वेळा एअर काढली तरी उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट: खराब सील जोरात दाबल्यावर धरतो, पण हलक्या दाबाला सोडतो, असंही होतं. सिग्नलला उभं राहिल्यावर पेडल हळूच खाली जातं असं वाटत असेल, तर हीच चाचणी हलक्या पायानेही करून बघा.

चाचणी २: पाय ठेवून इंजिन चालू करा

पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन स्टार्ट करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे, आणि तिथेच थांबलं पाहिजे. याचा अर्थ बूस्टर नीट काम करतोय. अनेक जण हीच हालचाल बघून घाबरतात आणि चांगला मास्टर सिलिंडर बदलून बसतात.

उलट, इंजिन चालू झाल्यावरही पेडल दगडासारखं कडक राहिलं आणि गाडी थांबवायला खूप जोर लागत असेल, तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाईपमध्ये दोष असू शकतो. कडक पेडल आणि मऊ पेडल ही दोन वेगळी दुखणी आहेत. बिघडलेला बूस्टर पेडल सहसा कडक करतो, मऊ नाही. अगदी जुन्या, साध्या गाड्यांत बूस्टर नसतोच, तिथे ही चाचणी लागू नाही.

चाचणी ३: पंप मारा आणि नीट अनुभवा

पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा पेडल वर आलं का? आलं असेल तर दोन शक्यता उरतात, आणि त्यातला फरक पायालाच कळतो.

- वर आलं, पण शेवटी रबरासारखं लवचीक लागतंय: सिस्टिममध्ये हवा आहे.
- पहिल्या दाबात खूप खाली जातं, पण जिथे लागतं तिथे घट्ट लागतं: हवा नाही. बहुधा मागच्या ड्रममधले लायनर ड्रमपासून फार लांब गेलेत.

जुन्या गाड्यांत या दुसऱ्या कारणाकडे फारच दुर्लक्ष होतं. लायनर झिजतात, आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा गंजून अडकते आणि लायनर-ड्रममधलं अंतर वाढत जातं. पेडलची अर्धी चाल हे अंतर भरण्यातच संपते.

चाचणी ४: हँडब्रेकची युक्ती

बहुतेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक केबलने मागचेच लायनर बाहेर ढकलतो. म्हणून हँडब्रेक सोडलेला असताना पेडल किती खाली जातं ते बघा (चाकांचे ठोकळे इथे महत्त्वाचे!). मग हँडब्रेक घट्ट ओढून पुन्हा दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल स्पष्टपणे उंच लागलं, तर मागच्या लायनरचं ॲडजस्टमेंट सैल आहे.

इथे एक सापळा आहे. लायनर सैल असताना हँडब्रेकही खूप वर ओढावा लागतो, म्हणून काही जण सरळ केबलच ताणून देतात. हँडब्रेक ठीक होतो, पण लायनरची मूळ जागा चुकते आणि ऑटो ॲडजस्टर काम करेनासा होतो. योग्य क्रम असा: ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर तपासा, लायनर ॲडजस्ट करा आणि सगळ्यात शेवटी केबल.

चाचणी ५: टाकीत कारंजं उडतंय का?

मदतनीसाला पेडल काही वेळा पंप करून दाबून धरायला सांगा. तुम्ही टाकीचं झाकण हलकं ठेवून, चेहरा लांब ठेवून आत बघा. आता त्याला झटकन पाय काढायला सांगा. ऑइलची थोडी हालचाल होणं नेहमीचंच आहे. पण जोरात उसळी आली तर पाईपांत आवळलेली हवा मोकळी होऊन ऑइल मागे फेकतेय असं समजा.

ऑइल गळतंय, पण दिसत नाही!

टाकी रिकामी होतेय आणि जमिनीवर मात्र एकही थेंब नाही, असं अनेकदा होतं. अशा वेळी या चार जागा बघा.

१. मागचे ड्रम. व्हील सिलिंडर गळला तर ऑइल आधी ड्रमच्या आतच साचतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओघळ दिसतोय का ते बघा. ऑइल प्यायलेले लायनर पुसून पुन्हा लावू नका, ते बदलावेच लागतात आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर ती हवेने फुंकू नका.

२. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरचा जोड. मास्टरचा मागचा सील गेला तर ऑइल बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर काहीच दिसत नाही. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बसतो त्याच्या खाली रंग उडालेला किंवा फुगलेला दिसला तर तो पुरावा समजा.

३. रबरी होज. पुढच्या चाकांजवळ, स्टिअरिंगबरोबर वळणारे छोटे होज असतात. चाक पूर्ण वळवून त्यांच्यावर बारीक भेगा आहेत का बघा. मदतनीसाला पेडल दाबायला सांगा. होज एखाद्या जागी फुगताना दिसला, तर पेडलचा मऊपणा तिथेच आहे. असा होज तातडीने बदला.

४. लोखंडी पाईप. गाडीच्या तळाशी, विशेषतः क्लिपांखाली, ते गंजतात. कोकण किंवा मुंबईसारख्या समुद्राजवळच्या भागातल्या गाडीला हे बघणं फारच गरजेचं.

गाडीखाली वाकायचं असेल तर फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा.

फक्त घाटातच मऊ पडतो?

शहरात ब्रेक व्यवस्थित, पण खंबाटकी किंवा कसारा उतरताना पेडल खोल जायला लागलं, आणि गाडी अर्धा तास थांबवल्यावर सगळं पूर्ववत! हा चमत्कार नाही. तुमचं ब्रेक ऑइल आत उकळलं होतं.

ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. झाकणातून, रबरी होजमधून तो हळूहळू आत शिरतो. ओलावा वाढला की ऑइलचा उकळबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की कॅलिपर तापतो, ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ हवेसारखीच आकसते. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि दोष गायब. म्हणूनच गॅरेजमध्ये तो कधीच सापडत नाही.

यात आणखी एक फरक ओळखा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड-लायनर तापून त्यांची पकड गेलीय. पेडलच मऊ झालंय, तर ऑइल उकळलंय. दोन्ही वेळा सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू देणं हाच पहिला उपाय. चाकांवर थंड पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकू किंवा तडकू शकते.

पावसाळ्यात महिनोन्महिने पार्किंगमध्ये उभी राहणारी आणि फक्त गणपतीला गावी जायला बाहेर निघणारी गाडी या बाबतीत जास्त धोक्यात असते. किलोमीटर कमी झालेत म्हणून ऑइल नवं राहत नाही, ओलावा वेळेप्रमाणे वाढतो. त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याची मुदत दिलेली असते. बऱ्याच गाड्यांसाठी ती साधारण दोन वर्षांची असते.

प्रत मात्र टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिली असेल तीच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नसतं. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ हे वेगळं, ग्लायकॉलचंच आहे. अर्धी वापरून वर्षभर कपाटात ठेवलेली बाटलीही वापरू नका.

"एअर काढली" तरी मऊच आहे?

ब्रेकची सिस्टिम बंद असते. हवा तिच्यात आपणहून शिरत नाही. म्हणून एअर निघाल्यावर विचारायचा खरा प्रश्न हा: हवा आली कुठून? टाकी पूर्ण रिकामी झाली होती का, आधी कुणी काही काम केलं होतं का, की व्हील सिलिंडरचा थकलेला सील पेडल सोडताना हवा आत ओढतोय? याचं उत्तर मिळालं नाही, तर तोच मऊपणा परत येणार.

एअर काढूनही फरक पडत नसेल, तर ही कारणं तपासायला सांगा.

- कॅलिपर उलटसुलट बसलेत. डावा-उजवा बदलला गेला तर एअर काढायचं निपल खालच्या बाजूला येतं आणि हवा वरच अडकून राहते. निपल नेहमी सर्वात वर हवं.
- नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी त्यातली हवा काढलेली नाही.
- एअर काढताना टाकी मध्येच रिकामी झाली आणि नवी हवा आत गेली.
- एअर काढतानाच जुना मास्टर गेला. रोज पेडल अर्धंच दाबलं जातं, त्यामुळे सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो आणि तिथे गंज बसतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या गंजावरून घासून फाटतात. "कालपर्यंत ठीक होतं, एअर काढल्यावर बिघडलं" याचं हे एक खरं कारण. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतात.
- चाकाचं बेअरिंग सैल आहे. खड्ड्यांतून किंवा वळणावरून गेल्यावर डिस्क डगमगून पॅड मागे ढकलते, पुढचा एक ब्रेक खोल जातो आणि नंतर सगळं ठीक. चाक वर उचलून हाताने हलवलं की कळतं.
- गाडीला एबीएस असेल तर हवा त्याच्या युनिटमध्ये अडकलेली असू शकते. काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो.

तरीही उलगडा होत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे ऑइल बाहेर जाणारे मार्ग बूच लावून बंद करून पेडल दाबून बघता येतं. पेडल दगडासारखं झालं तर मास्टर चांगला आहे, दोष पुढे चाकांकडे आहे. मऊच राहिलं तर दोष मास्टरमध्ये किंवा त्यातल्या हवेत. हे काम गॅरेजमध्येच करायचं. रबरी होज पकडीने आवळून तपासण्याचा प्रकार मात्र जुन्या गाडीत टाळायला सांगा, आतून फाटलेला होज दिसत नाही.

एका नजरेत

- मऊ, लवचीक, पंप मारल्यावर सुधारतं: हवा
- दाबून धरल्यावर खाली सरकतं, बाहेर गळती नाही: मास्टर सिलिंडर
- खोल जातं, पण शेवटी घट्ट. हँडब्रेक ओढल्यावर उंच लागतं: मागचे लायनर
- अचानक निम्म्यापेक्षा खाली गेलं, ब्रेक कमी लागतोय, लाल दिवा: दोनपैकी एक सर्किट निकामी
- फक्त तापल्यावर मऊ: ऑइल उकळतंय
- दाबल्यावर होज फुगतो: होज बदला
- कडक, जोर लागतो: बूस्टर, वेगळा आजार

सर्किटबद्दल थोडं सांगायला हवं. अलीकडच्या काही दशकांतल्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट असतात. एक फुटलं तरी दुसरं गाडी थांबवतं, पण पेडल खोल जातं आणि अंतर बरंच जास्त लागतं. ही सोय रस्त्याच्या कडेला थांबण्यापुरती आहे, घरी पोहोचण्यासाठी नाही. त्याआधीच्या अनेक गाड्यांत एकच सर्किट असायचं. तिथे एक पाईप फुटला की पायाचा ब्रेक संपला.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर

पेडल भराभर पंप करा, थोडा दाब तयार होऊ शकतो. त्याच वेळी एकेक करून खालचे गिअर टाका. हँडब्रेक त्याचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. इंजिन बंद करू नका आणि किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"ब्रेक बघा जरा" एवढंच सांगितलं की ऑइल भरून मिळतं. त्याऐवजी लक्षण सांगा: "इंजिन बंद असताना दाबून धरलं की मिनिटभरात दोन बोटं खाली जातं, बाहेर गळती दिसली नाही." किंवा "हँडब्रेक ओढला की पेडल वर येतं." चांगला मेकॅनिक तेवढ्यावरून कामाची दिशा ठरवतो. काम झाल्यावर काय खराब निघालं ते विचारा आणि काढलेला पार्ट बघायला मागा. गाडी ताब्यात घेताना दाबून धरण्याची पहिली चाचणी तिथेच, गेटच्या आत करा. मग रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात दोन-चार वेळा ब्रेक लावून बघा.

नवे पॅड किंवा लायनर टाकले असतील तर ते नीट बसेपर्यंत पेडल किंचित वेगळं लागू शकतं. पण "चालवा, होईल आपोआप" हे उत्तर तळाला जाणाऱ्या किंवा खाली सरकणाऱ्या पेडलसाठी कधीच खरं नसतं.

महिन्यातून एकदा, गाडी काढण्याआधी, इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. याला पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरात जे जे ती गाडी चालवतात, त्या सगळ्यांना ही चाचणी शिकवून ठेवा.